टिटवीचा जोडधंदा

डोंगराच्या पायथ्याशी जंगल विरळ होत होत जिथे खडकाळ माळ सुरू होतो, तिथे एक टिटवी आपल्या टिटव्यासोबत राहत असे. मुलांनो, तुम्ही टिटवी पाहिली नसली तरी ऐकलेली नक्की असेल. उंच पिवळे पाय, लाल चोच आणि आवाज असा की ऐकणाऱ्याने कानांत बोटे घालावीत. तिला झाडावर घरटे बांधण्याची हौस नसते. उघड्या माळावर थोडे खडे बाजूला सारायचे, त्या खळग्यात अंडी घालायची, की झाले घर. ना काडी, ना कापूस, ना डोक्यावर छप्पर.

तुम्ही म्हणाल, मग उघड्यावर ती अंडी राहतात कशी? तीच तर गंमत आहे. टिटवीची अंडी हुबेहूब माळावरच्या खड्यांसारखी दिसतात, मातकट आणि काळ्या ठिपक्यांची. अगदी जवळून गेलात तरी ती तुम्हाला दिसायची नाहीत. शिवाय टिटवीपाशी एक विद्या असते. कोणी अंड्यांच्या दिशेने येताना दिसले की ती गुपचूप उठते, मान खाली घालून लांब पळत जाते आणि मग तिथून, म्हणजे अंडी जिथे नाहीत तिथून, गळा फाडून ओरडू लागते. शत्रूला वाटते, एवढी ओरडते आहे त्या अर्थी अंडी इथेच असणार. तो तिकडे धावतो. टिटवी आणखी पुढे जाते, पंख मोडल्याचे सोंग करते, पुन्हा ओरडते. असे करत करत ती त्याला माळाच्या पार टोकाला नेऊन सोडते. या टिटवीची आई हेच करत असे आणि आजीही. ही विद्या कोणी कोणाला शिकवत नाही, ती अंगातच असते.

त्या उन्हाळ्यात टिटवीने चार अंडी घातली होती. ऊन असे की खडे हाताला चटके देत. टिटवा डबक्यावर जाई, पोटाची पिसे पाण्यात चिंब भिजवून घेई आणि धावतपळत येऊन अंड्यांवर बसे, म्हणजे अंड्यांना गारवा मिळे. तो बसला की टिटवी किडे शोधायला जाई. उन्हाळ्यात किडे कमी, पण दोघांचे पोट भरत होते. थोडक्यात सांगायचे तर रडण्यासारखे काही नव्हते.

पण शेजारी कोतवाल होता ना!

माळाच्या कडेला एक जुना पळस होता आणि त्याच्या शेंड्यावर हा कोतवाल बसत असे. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा, मुठीएवढा पक्षी. पण ससाण्याच्याही पाठीवर टोच मारायला कमी करत नसे. शेंड्यावर बसून उडते किडे टिपणे हे त्याचे रोजचे काम. एकदा गवतात राहणारी लावी आपली पिल्ले घेऊन पळसाखाली आली आणि म्हणाली, "कोतवालदादा, तुम्ही दिवसभर वर बसलेलेच असता. काही वाईट दिसलं तर आमच्यासाठीही एक हाक मारत जा. मी रोज संध्याकाळी वाळवीचं एक ढेकूळ उकरून इथे आणून ठेवीन."

कोतवाल म्हणाला, "मारीन की. बघायचं तर मला असतंच."

लावीचे बघून तितर आला, तितराचे बघून घोरपडीला भिणारे सगळेच आले. कोतवालाची बैठक तीच, नजर तीच, फक्त अधूनमधून एक हाक जास्त. पण संध्याकाळी पळसाच्या बुंध्याशी वाळवी, शेणकिडे आणि रातकिडे यांचा असा ढीग पडू लागला की कोतवालाची बायको पिल्लांना भरवून भरवून दमू लागली.

टिटवीने तो ढीग पाहिला आणि तिच्या पोटात दुखू लागले.

मुलांनो, भूक लागली की पोट रिकामे असल्यामुळे दुखते. हे दुखणे वेगळे होते. टिटवी नुकतीच पोटभर जेवून आली होती. तिला तो ढीग हवा होता असेही नाही. तो कोतवालाकडे होता, हे तिला सोसवत नव्हते. त्या दिवसापासून ती किडे शोधायला निघाली की पाय आपोआप पळसाकडे वळत. जवळ जायचे, ढीग किती झाला ते तिरक्या डोळ्याने बघायचे आणि परत येऊन टिटव्याला ऐकवायचे.

"बघितलंत का? आज चार नाकतोडे आणून दिले त्याला. चार! जागचा हललासुद्धा नाही."

टिटवा अंड्यांवर बसला होता. तो म्हणाला, "खाऊ दे की बिचाऱ्याला. घरात पिल्लं आहेत त्याच्या."

"आणि आपल्या घरात होणार नाहीत वाटतं? तुम्ही उन्हातान्हात पोट भिजवत धावता, मी दगडाखाली चोच घालून घालून झिजले, आणि तो शेपटी हलवत बसलाय! नुसतं ओरडायचे पैसे... नव्हे, किडे मिळतात त्याला. ओरडायचे! आता मला सांगा, या माळावर माझ्यासारखं ओरडणारं दुसरं कोण आहे?"

हे खरेच होते. टिटव्याला ते अनुभवाने ठाऊक होते.

आता या माळावर एक कावळाही होता. एरवी तो काही काम करत नसे, पण त्या वर्षी त्याने एक नवीन उद्योग काढला होता. एका उंच दगडावर बसून तो जाणाऱ्यायेणाऱ्याला जोडधंद्याविषयी सल्ला देत असे. सल्ल्याचे मोल एक जाडशी अळी. सल्ला देणे हाच त्याचा जोडधंदा होता, हे त्याच्या गिऱ्हाइकांच्या लक्षात येत नसे.

टिटवीने त्याच्यापुढे अळी ठेवली. कावळ्याने ती आधी गिळली आणि मग मान वाकडी करून म्हणाला, "बोला ताई."

"मला जोडधंदा करायचाय," टिटवी म्हणाली.

"करायलाच हवा! आजकाल एका कामावर कोणाचं भागतं? साळुंकीला बघा. म्हशींच्या पाठीवरच्या गोचड्या वेचते. फिरणं होतं, खाणं होतं आणि म्हशी वर आभार मानतात. मीच सुचवलं होतं तिला. आता ऐका. जोडधंदा असा हवा की भांडवल लागू नये, घर सोडून लांब जावं लागू नये आणि जे आपल्याला येतं तेच विकता यावं. तुम्हाला काय येतं?"

"ओरडता येतं."

"झालं तर मग! राखण करा. लागतो फक्त घसा."

टिटवी आनंदाने परतली. आपल्या मनातलेच कोणी सांगितले की आपल्याला तो मोठा शहाणा वाटतो. कावळ्याने एवढेच विचारले नव्हते की ती ओरडते कुठे उभी राहून.

घरी येऊन तिने बेत सांगितला तेव्हा टिटवा पहिल्यांदाच अंड्यांवरून अर्धवट उठला. "अगं, नीट विचार कर. तो ओरडतो ते संकट कुठे आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून. आपण ओरडतो ते कोणाला काही कळू नये म्हणून. दोन्ही ओरडणं सारखं कसं होईल?"

"तुम्हाला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही," टिटवी फणकारली.

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. त्या कोतवालाचं कौतुक करायला तुम्हाला तोंड आहे. बायकोचं म्हटलं की शंका!"

टिटवा पुन्हा अंड्यांवर बसला. भांडण वाढले तर आवाज वाढेल आणि आवाज वाढला तर अंडी कुठे आहेत ते साऱ्या माळाला कळेल, अशी त्याला भीती वाटली. टिटव्यांच्या घरातली भांडणे अशीच अर्धी राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टिटवी लावीकडे गेली. "लावीबाई, कोतवालाला तुम्ही रोज एक ढेकूळ देता म्हणे. मला अर्धंच द्या. मी राखण करीन."

लावी घोटाळली. "पण कोतवालदादांचं काम चांगलं आहे हो."

टिटवीने आवाज खाली आणला. तिला तो फारसा खाली आणता येत नाही, तरी आणला. "चांगलं कसलं! दुपारी डुलक्या काढतो तो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि तो तिकडे झाडावर. मी इथे तुमच्या शेजारी, जमिनीवर. मुंगूस गवतातून येतं की आकाशातून?"

कोतवाल दुपारी डुलक्या काढत नसे. पण अर्धे ढेकूळ हे पूर्ण ढेकळापेक्षा स्वस्त पडते, हे लावीला कळत होते. तिने राखण टिटवीकडे दिली. मग तितरानेही दिली.

त्या संध्याकाळी टिटवीसमोर वाळवीचे अर्धे ढेकूळ आणि दोन शेणकिडे आले. तिने ते खाल्ले की नाही, हे तिच्या नीट लक्षातही राहिले नाही. ती पळसाखाली जाऊन आली होती. तिथला ढीग आज लहान झाला होता. तो लहान ढीग तिला वाळवीपेक्षा गोड लागला.

कोतवालाने तिला पाहिले तेव्हा तो वरून म्हणाला, "टिटवीताई, बरं झालं तुम्ही हातभार लावलात ते. एकट्याला सगळीकडे बघायचं म्हणजे मान दुखते."

बिचाऱ्याने सरळ मनाने म्हटले होते. टिटवीला ते झोंबले. याला राग कसा येत नाही? याचे काही जात कसे नाही? ती परत आली तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी ओढ्याच्या बाजूने मुंगूस आले. गवत जरा जरा हलत लावीच्या घराकडे सरकू लागले. टिटवीने ते सगळ्यांच्या आधी पाहिले. तिच्या नजरेत कधीच खोट नव्हती. ती लावीच्या घराजवळच उभी होती. तिथेच उभे राहून तिने ओरडायला हवे होते. पण पाय तिचे नव्हते, तिच्या आईचे आणि आजीचे होते. ते तिला मान खाली घालायला लावून डोंगराच्या बाजूला लांब घेऊन गेले आणि तिथे पोहोचल्यावर तिने जो गळा फाडला, तो साऱ्या माळाने ऐकला.

लावीला वाटले, संकट डोंगराकडून येते आहे. तिने पिल्ले गोळा केली आणि ती उलट्या दिशेने, ओढ्याकडे धावली. मुंगूस ओढ्याकडूनच येत होते.

त्या दिवशी एकही पिल्लू वाचले नसते. पण पळसाच्या शेंड्यावरून एक काळी रेघ खाली आली आणि मुंगसाच्या डोक्यावर टोच बसली. मुंगूस वळले तोवर दुसरी टोच बसली. कोतवालाला आता लावीकडून काही मिळत नव्हते. तरी तो मुंगसाच्या मागे ओढ्यापर्यंत गेला आणि मगच परत फिरला. पिल्ले वाचली. एकाच्या पाठीची पिसे तेवढी गेली.

लावी धावत टिटवीकडे आली. "ताई, हे काय केलंत? ओरडलात ते मुंगसाच्या बाजूने नाही, भलतीकडून! मी पोरांना घेऊन त्याच्या तोंडात शिरत होते की हो!"

"चुकून झालं," टिटवी म्हणाली.

"राखण करायची तर जिथे धोका आहे तिथे उभं राहून ओरडा. ते जमत नसेल तर तसं सांगा, मी आपली परत कोतवालदादांकडे जाते."

मुलांनो, एखाद्या शहाण्या पक्षिणीने इथेच म्हटले असते, "जा बाई, हे माझं काम नव्हे." टिटवी तसे म्हणणारही होती. पण तिने पळसाकडे पाहिले. पळसाखाली माळावरची सगळी मंडळी जमली होती आणि कोतवालाची वाहवा चालली होती. तितर तर त्याच्यासाठी नाकतोडा घेऊन आला होता. "पुन्हा असं होणार नाही," ती म्हणाली, "मला थोडी सवय करू द्या."

आणि तिने सवय केली. बोलून चालून मत्सर फार कामसू असतो, तो स्वतःही बसत नाही आणि दुसऱ्यालाही बसू देत नाही. माळावर गावातल्या शेळ्या चरायला येत. शेळी जवळ आली की टिटवी जागच्या जागी उभी राहण्याचा सराव करी. पाय पळायला ओढ घेत. ती नखे जमिनीत रोवून उभी राही आणि शेळीच्या तोंडावर ओरडे. शेळ्या दचकत, मग त्यांना सवय झाली, मग त्या चघळत चघळत तिच्याकडे बघू लागल्या. टिटवा लांबून हे पाहत होता. आपली बायको शेळीसमोर छाती काढून उभी आहे, हे दृश्य त्याला काही बरे वाटत नव्हते.

"अगं, पुरे आता," तो एकदा म्हणाला. "अंड्यांतून टकटक ऐकू येऊ लागलीय. कान लावून बघ जरा. तुझं लक्ष कुठेय?"

"ऐकते हो. तेवढी तितराकडची फेरी मारून येते."

ती गेली आणि टिटवा एकटाच त्या टकटकीला कान देत बसून राहिला.

सरावाचे फळ लवकरच दिसले. तितराच्या घराजवळ साप निघाला, तेव्हा टिटवी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिथूनच ओरडली. पाय हललेसुद्धा नाहीत. तितराची सगळी पिल्ले बरोबर उलट दिशेने पळून गेली. "वा ताई!" तितर म्हणाला. "आता कोतवालाची गरजच नाही." हे शेवटचे वाक्य टिटवीने मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले.

बातमी पसरली. ज्यांनी ज्यांनी पळसाखाली किडे नेले होते, ते आता टिटवीकडे येऊ लागले. ढीग इकडे वाढला, तिकडचा बंद झाला. टिटवीने मुद्दाम पळसाखालून चक्कर मारली, चोचीत रातकिडा धरून. कोतवाल पूर्वीसारखाच उडते किडे टिपत होता. त्याची पिल्लेही पूर्वीसारखीच गुबगुबीत होती. त्याने हसून शेपटी हलवली. सगळे मिळवूनही टिटवीला असे वाटले की अजून काहीतरी याच्याकडे राहिलेच आहे. ते काय, हे तिला सांगता आले नसते. पण ते हिसकावून घेतल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हते.

मग तो दिवस आला. ऊन फार झाले होते. टिटवा पोट भिजवायला डबक्यावर गेला आणि जाताना म्हणाला, "आज कुठे जाऊ नकोस. आज-उद्यात पिल्लं बाहेर येतील." टिटवी अंड्यांवर बसली. खालून टकटक येत होती. खरे सांगायचे तर तिला ती टकटक गोड वाटली आणि थोडा वेळ तिला पळस आठवला नाही.

तेवढ्यात झुडपांतून कोल्हा बाहेर आला.

हा कोल्हा त्या वाटेने नेहमीच जाई. तो काही शोधतही नव्हता. उन्हाने जीभ बाहेर काढून, मान खाली घालून तो डबक्याकडे निघाला होता. त्याची वाट टिटवीच्या खळग्याजवळून जात होती, पण खड्यांत खडे मिसळावेत तशी ती अंडी, ती त्याला दिसणार कशी? टिटवीने गुपचूप उठून लांब जायचे, एवढेच काम होते. तिच्या आईने केले असते, आजीने केले असते. महिन्याभरापूर्वी तिनेही केले असते.

टिटवी उठली. पायांनी पळण्यासाठी किंचित ओढ घेतली. पण पायांना आता नवे वळण लागले होते. तिने नखे जमिनीत रोवली, अंड्यांच्या अगदी पुढ्यात छाती काढून उभी राहिली आणि जिथे धोका होता तिथूनच, सारा माळ दणाणेल असे ओरडली. किती छान उभे राहता आले तिला! आणि ओरडता ओरडता, मुलांनो, तिने एकदा पळसाकडे नजर टाकली. कोतवाल बघतो आहे ना, एवढे तिला बघायचे होते.

तिने पुन्हा समोर पाहिले तेव्हा कोल्हा थांबला होता. तो तिच्याकडे पाहत नव्हता. तिच्या पायांजवळ पाहत होता.

"टिटवीबाई," कोल्हा म्हणाला, "इतके उन्हाळे मी या माळावर काढले. तुमच्या आईने मला त्या टोकापर्यंत पळवलं, तुम्हीही पळवलंत. दमून जायचो मी. घरी बोलावलंत ते आजच."

तेव्हा टिटवीला कळले. ती धावत लांब गेली, तिथून ओरडली, पंख मोडल्याचे सोंग केले, जमिनीवर लोळली. कोल्ह्याने मानसुद्धा वळवली नाही. "तिकडे काय आहे ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला आणि त्याने खळग्यात तोंड घातले. पळसावरून कोतवाल आला, कोल्ह्याच्या कानावर, डोक्यावर, नाकावर टोचत राहिला. कोल्ह्याने दोनदा डोके झटकले आणि आपले काम पुरे करूनच तो झुडपांत निघून गेला.

टिटवा परत आला तेव्हा त्याच्या पोटाच्या पिसांतून पाणी ठिबकत होते. तो खळग्यापाशी आला आणि उभा राहिला. फुटक्या कवचांवर पाणी पडत राहिले. कोतवाल पळसाकडे उडून गेला. टिटवीला वाटले, कोणीतरी मला शिव्या द्याव्यात. पण कोणी दिल्या नाहीत.

संध्याकाळी लावी आली. टिटवीची अंडी कुठे आहेत, किंवा होती, हे कोतवालाखेरीज माळावर कोणालाच ठाऊक नव्हते; ते लपवणे हाच तर टिटवीचा संसार होता. लावीचा चेहरा आनंदाने फुलला होता. तिच्यामागे तितर होता आणि आणखी बरेच जण होते. लावीने वाळवीचे अख्खे ढेकूळ टिटवीपुढे ठेवले, मग तितराने नाकतोडे ठेवले, मग इतरांनी आपापले. पळसाखाली कधी पडला नव्हता एवढा मोठा ढीग झाला.

"ताई, काय ओरडलात हो आज!" लावी म्हणाली. "अगदी कोल्ह्याच्या समोर उभं राहून. मी लगेच उलट्या बाजूला पळाले. माझं एकेक पिल्लू सुखरूप आहे, ताई. म्हटलं, आज अर्ध्या मोलात नको, आज पूर्ण द्यायचं."

टिटवीने त्या ढिगाकडे पाहिले. किती दिवस तिला हाच ढीग हवा होता. तिने लावीची पिल्ले पाहिली, ती एकमेकांना ढकलत आईच्या पोटाखाली शिरत होती. टिटवीने तोंड उघडले, पण त्या साऱ्या माळावरच्या सर्वांत मोठ्या आवाजातून त्या वेळी एक शब्दही बाहेर आला नाही.

तात्पर्य : जोडधंदा अवश्य करावा, पण शेजाऱ्याच्या ढिगावर जळून नव्हे; ज्या गुणावर आपले घर तगले आहे तोच मोडून जे मिळते, ते कितीही मोठे असले तरी ते खायला घरात कोणी उरत नाही.